मताधिकाराची राखण

संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा शाळेच्या वाटचालीच्या आठवणी लिहाव्यात, असा आमचा प्रथम विचार होता. परंतु त्या आठवणी आमच्याहून ज्येष्ठ सहकारी अधिक अधिकाराने सांगतील. आम्ही इतिहासाचे शिक्षक. म्हणून दहावीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे सविस्तर द्यावे, असे आम्ही ठरविले. वर्गातल्या पस्तीस मिनिटांत ते पूर्ण देता आले नव्हते.

महापरिनिर्वाण दिनाच्या आधीचा तो आठवडा होता. पाठ्यक्रमाबाहेरचा एक तास घेऊन आम्ही मुलांना बाबासाहेबांच्या एका पत्राविषयी सांगत होतो. १९४६ च्या जुलै महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले. तेथील कृष्णवर्णीयांची संघटना संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागत होती. त्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या. अस्पृश्यांची भारतातील स्थिती आणि कृष्णवर्णीयांची अमेरिकेतील स्थिती यांत फार मोठे साम्य असल्याचे त्यांनी त्या पत्रात नमूद केले. ड्यु बॉइस यांनीही त्याच महिन्यात आपुलकीचे उत्तर पाठविले.

हा प्रसंग सांगून आम्ही फळ्यावर दोन साले लिहिली. १८७० : अमेरिकेची पंधरावी घटनादुरुस्ती, वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणांवरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही. १९६५ : मताधिकार कायदा. तेव्हा ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, १८७० सालीच हक्क दिला होता, तर १९६५ साली पुन्हा कायदा कशाला करावा लागला? मधली पंच्याण्णव वर्षं ते लोक मत देत नव्हते का?"

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर मात्र आपल्या प्रत्येक मतदाराने समजून घ्यावे इतके महत्त्वाचे आहे. मतपेटी ही मताधिकाराची शेवटची पायरी होय. तिच्या आधी तीन पायऱ्या असतात. मतदार यादीत नाव येणे, ही पहिली. उमेदवार कोण असावा हे ठरविण्यात वाटा असणे, ही दुसरी. मतदारसंघाची सीमारेषा न्याय्य असणे, ही तिसरी. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा हक्क हिरावला गेला तो बहुतांशी या तीन पायऱ्यांवर, आणि हिरावणाऱ्यांनी 'वर्ण' हा शब्द क्वचितच उच्चारला. कधी शिक्षणाचे नाव पुढे केले, कधी कराचे आणि आज पक्षाचे.

प्रथम यादीची गोष्ट पाहू. यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांत काही वर्षे कृष्णवर्णीयांनी खरोखरच मतदान केले. १८७० मध्ये मिसिसिपी राज्याचे हायरम रेव्हल्स अमेरिकेच्या सिनेटमध्ये जाऊन बसले. ते तेथील पहिले कृष्णवर्णीय सदस्य. परंतु १८७७ मध्ये दक्षिणेतील केंद्रीय फौजांचा आधार काढून घेण्यात आला आणि जुन्या मालकवर्गाचे राज्य परतले. आरंभी दहशतीने काम भागले. पण दहशत रोज नव्याने घालावी लागते; कायदा एकदा केला की तो वर्षानुवर्षे पुरतो. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. मतदाराने मतदान कर भरलेला असावा, त्याला राज्यघटनेचे कोणतेही कलम वाचता यावे, किंवा वाचून दाखविल्यास त्याचा अर्थ सांगता यावा, अशा अटी तीत होत्या. या अटींत वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. कोणाला कोणते कलम विचारायचे आणि कोणाचे उत्तर बरोबर धरायचे, हे ठरविणारा अधिकारी मात्र गोरा होता. १८९८ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. या तरतुदी शब्दशः पाहता कोणत्याही वर्णाविरुद्ध नाहीत, असे सांगून न्यायालयाने त्या उचलून धरल्या.

त्याच वर्षी लुइझियाना राज्याने आणखी एक युक्ती योजिली. जो स्वतः किंवा ज्याचे वडील अथवा आजोबा १ जानेवारी १८६७ पूर्वी मतदार होते, त्याला साक्षरतेची व मालमत्तेची अट माफ. लोक त्याला 'आजोबा कलम' म्हणू लागले. अडाणी गोऱ्याचा आजोबा मतदार होता, म्हणून नातू सुटला. कृष्णवर्णीयाचा आजोबा त्या तारखेपर्यंत गुलाम होता, किंवा गुलामगिरीतून नुकताच सुटला होता. तो मतदार कोठून असणार? त्या राज्यात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १९०४ मध्ये ती १,३४२ उरली. आठ वर्षांत शंभरातले नव्व्याण्णव मतदार कागदावरून पुसले गेले, आणि घटनादुरुस्तीचा एक शब्दही बदलावा लागला नाही. अशा प्रकारचे आजोबा कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते १९१५ मध्ये. त्या वेळी बाबासाहेब न्यूयॉर्क येथे कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकू दिले नाही, त्यांनाच पुढे अशिक्षित ठरवून मत नाकारायचे, ही रीत आपणांस अपरिचित नाही. ब्रिटिश अमदानीत आपल्याकडे मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण आंबेडकरांनी या पात्रतेच्या अटींवरच बोट ठेवले. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. पात्रतेची प्रत्येक अट अखेर कोणावर जाऊन आदळते, हे त्यांना ठाऊक होते.

दुसरी पायरी उमेदवारीची. येथे पक्ष हा विषय येतो आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. अमेरिकेतील रिपब्लिकन पक्ष हा अब्राहम लिंकन यांचा पक्ष. आपल्या रिपब्लिकन पक्षाशी त्याचा संबंध नाही. डेमोक्रॅटिक पक्ष हा त्या काळी दक्षिणेतील गोऱ्या वर्चस्वाचा पक्ष होता. दक्षिणेत दुसऱ्या पक्षाला थाराच नसल्यामुळे डेमोक्रॅटिक पक्षाची अंतर्गत प्राथमिक निवडणूक जो जिंकेल तोच पुढे निवडून येई. खरी निवड तेथेच होत असे. १९२३ मध्ये टेक्सास राज्याने कायदा केला की या प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीयाला भाग घेता येणार नाही. एल पासो शहरातील डॉ. लॉरेन्स निक्सन नावाच्या कृष्णवर्णीय वैद्यांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि १९२७ मध्ये ते जिंकले. मग राज्याने तो अधिकार पक्षाच्या कार्यकारी समितीकडे सोपविला. डॉ. निक्सन पुन्हा न्यायालयात गेले आणि १९३२ मध्ये पुन्हा जिंकले. तेव्हा पक्षाच्या अधिवेशनानेच ठराव केला की आमचा पक्ष फक्त गोऱ्यांचा. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा ठराव मान्य केला. पक्ष ही खाजगी संस्था आहे, तिने कोणाला सभासद करावे हा तिचा प्रश्न, असे त्याचे म्हणणे. हा निर्णय फिरविण्यास १९४४ साल उजाडावे लागले. एकवीस वर्षे एका राज्यातील कृष्णवर्णीय जनता अंतिम निवडणुकीत मत देण्यास मोकळी होती. त्या मताला अर्थ नव्हता, एवढेच.

डॉ. निक्सन यांचा दुसरा विजय झाला त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, आपल्याकडे पुणे करार झाला. विद्यार्थ्यांना आम्ही ही दोन पाने शेजारी ठेवून वाचायला सांगतो. पुणे करारातही प्राथमिक निवडणूक होती. अस्पृश्य मतदारांनी प्रथम आपल्यातील चौघांची निवड करावी आणि मग त्या चौघांतून सर्व हिंदू मतदारांनी मिळून एकाला निवडावे, अशी ती योजना होती. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. टेक्सासमध्ये कृष्णवर्णीयांना पहिल्या फेरीतून हाकलले होते. आपल्याला पहिली फेरी मिळाली. अखेरचा शब्द मात्र बहुसंख्य मतदारांच्या हाती गेला. जो आपल्या लोकांना सर्वाधिक पसंत, तोच निवडून येईल याची शाश्वती उरली नाही. बाबासाहेबांनी हे दुःख पुढे अनेकदा मांडले. प्रतिनिधी आमच्या नावाचा आणि निवड दुसऱ्याची, हा पेच दोन खंडांत एकाच काळी उभा होता.

आता १९६५ कडे वळू. अलाबामा राज्यातील सेल्मा शहर ज्या डॅलस परगण्यात आहे, तेथे मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी शेकडा दोनांच्या आसपास लोकांचीच नावे यादीत होती. ७ मार्च १९६५ रोजी सुमारे सहाशे माणसे मताधिकारासाठी सेल्माहून राजधानी माँटगोमेरीकडे पायी निघाली. एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी आणि अश्रुधुराने झोडपले. जॉन लुइस या पंचवीस वर्षांच्या तरुण नेत्याची कवटी फुटली. ती दृश्ये दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिली. पाच महिन्यांनी, ६ ऑगस्ट रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मताधिकार कायद्यावर सही केली. ज्या राज्यांचा पूर्वेतिहास वाईट होता तेथील साक्षरता परीक्षा या कायद्याने थांबविल्या. नावे नोंदविण्यासाठी केंद्राचे अधिकारी पाठविण्याची सोय केली. त्या राज्यांनी निवडणुकीच्या नियमांत कोणताही बदल करण्यापूर्वी केंद्राची अथवा वॉशिंग्टनच्या न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी, असे बंधनही घातले. याचा परिणाम विलक्षण होता. मिसिसिपीत नोंदलेल्या कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण शेकडा ६.७ होते, १९६७ पर्यंत ते ५९.८ झाले.

सेल्माच्या शेजारी लाउंड्स नावाचा परगणा आहे. तेथे पाचांत चार माणसे कृष्णवर्णीय होती, आणि १९६५ च्या आरंभी त्यांच्यातील एकाचेही नाव मतदार यादीत नव्हते. स्टोकली कारमायकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून नावे नोंदविली आणि स्थानिक लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. निरक्षर मतदारांसाठी अलाबामात प्रत्येक पक्षाला चिन्ह लागे. डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा, आणि १९६६ च्या आरंभापर्यंत त्यासोबत गोऱ्या वर्चस्वाची घोषणा छापली जाई. लाउंड्सच्या लोकांनी चिन्ह निवडले काळा पँथर. ते चिन्ह पुढे कॅलिफोर्नियातील तरुणांनी घेतले, ब्लॅक पँथर पक्ष जन्मास आला, आणि त्याच नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपल्या चळवळीतील या नावाचे मूळ एका मतपत्रिकेवर आहे, हे आमच्या पिढीतल्या अनेकांना ठाऊक नव्हते. लाउंड्सचा तो पक्ष १९६६ ची निवडणूक हरला. १९७० मध्ये मात्र त्याच्या संस्थापकांपैकी जॉन ह्युलेट हे त्या परगण्याचे शेरीफ म्हणून निवडून आले.

तिसरी पायरी सीमारेषेची. अलाबामातील टस्कीगी गाव बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शिक्षणसंस्थेमुळे प्रसिद्ध आहे. त्या गावची हद्द चौकोनी होती. १९५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ती बदलून अठ्ठावीस बाजूंची केली. गावातील सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सारे हद्दीबाहेर गेले. गोरा मतदार एकही गेला नाही. त्या संस्थेतील एक प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांनी दावा लावला आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती हद्द घटनाविरोधी ठरविली. कायद्यात वर्णाचा शब्द नव्हता, तरी आकृतीच सारे बोलत होती.

पुढे आकृत्या इतक्या भाबड्या राहिल्या नाहीत, कारण दरम्यान पक्षांनी जागा बदलल्या. १९३० च्या दशकात रूझवेल्ट यांच्या काळात कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळू लागले होते. १९६४ चा नागरी हक्क कायदा जॉन्सन यांनी मंजूर करून घेतला. त्याला विरोध करणारे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी त्याच वर्षी खोल दक्षिणेतील पाच राज्ये जिंकली. तेव्हापासून दक्षिणेतील गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे गेले आणि कृष्णवर्णीय बहुसंख्येने डेमोक्रॅटिक पक्षात राहिले. वर्णाची रेषा आणि पक्षाची रेषा जवळजवळ एकच झाली. आता नकाशा आखणाऱ्याला म्हणता येते, "मी कृष्णवर्णीयांना हलविले नाही, विरोधी पक्षाच्या मतदारांना हलविले."

न्यायालयाच्या गेल्या काही वर्षांतील तीन निर्णयांकडे या दृष्टीने पाहावे. २००६ मध्ये संसदेने मताधिकार कायद्याची मुदत पंचवीस वर्षांनी वाढविली होती. प्रतिनिधिगृहात ३९० विरुद्ध ३३ आणि सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य मतांनी. तरीही २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पूर्वपरवानगीचे सूत्र रद्द केले. जुन्या आकड्यांवर आजच्या राज्यांना बांधता येणार नाही, परिस्थिती बदलली आहे, असे बहुमताचे म्हणणे. त्याच दिवशी टेक्सासने अडवून ठेवलेला ओळखपत्राचा कडक कायदा लागू करण्याचे जाहीर केले. दुसरा निर्णय जून २०१९ चा. पक्षीय फायद्यासाठी केलेली मतदारसंघांची आखणी हा केंद्रीय न्यायालयांचा विषयच नव्हे, असे न्यायालय म्हणाले. त्या खटल्यात एका राज्यातील नकाशा रिपब्लिकनांचा होता, दुसऱ्यातील डेमोक्रॅटांचा. त्यांपैकी नॉर्थ कॅरोलायनातील एका आमदाराने तर उघड सांगितले होते की तेरापैकी अकरा जागा मिळतील असा नकाशा शक्य वाटत नाही, म्हणून दहांचा आखतो. तिसरा निर्णय मे २०२४ चा, साउथ कॅरोलायनातील. तेथे एका मतदारसंघातून सुमारे ३० हजार कृष्णवर्णीय मतदार बाहेर काढले गेले होते. त्या राज्यात दहांतील नऊ कृष्णवर्णीय डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की तक्रारदारांनी वर्ण आणि पक्ष वेगळे करून दाखवावेत. नकाशा करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, असे आम्ही गृहीत धरू.

हे शेवटचे दोन निर्णय एकत्र वाचले म्हणजे वाट स्पष्ट दिसते. पक्षासाठी केले असेल तर न्यायालय पाहणार नाही. वर्णासाठी केले असेल तर पाहील, पण जे दोन धागे शतकभर एकत्र पिळले गेले ते सोडवून दाखविण्याचे ओझे पीडितावर. १९३५ मध्ये टेक्सासचा पक्ष 'आम्ही खाजगी संस्था' म्हणून सुटला होता. आजचा नकाशा 'हे केवळ राजकारण' म्हणून सुटतो.

दुसरी बाजूही आम्ही मुलांपुढे ठेवतो, कारण इतिहासाच्या वर्गात एकाच बाजूची वकिली करू नये. विरोधक म्हणतात, एखाद्या समाजाने एकाच पक्षाला मते द्यावीत ही त्याची स्वतःची निवड. तो पक्ष हरला म्हणजे समाजाचा हक्क हिरावला, असे होत नाही. ते असेही म्हणतात की वर्ण मोजून मतदारसंघ आखले तर माणसे कायमची वर्णांतच कोंडली जातील. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ही भीती व्यक्त केली होती. ही भीती पोकळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेबांनीही साधनांविषयी हट्ट धरला नाही. प्रौढ मताधिकार मिळत असेल तर राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ चालेल, अशी त्यांची १९२८ मधील भूमिका होती. परंतु पक्षनिवड मोकळी होती, हे म्हणणे आम्हांस पटत नाही. ज्या पक्षाने दार लावले त्याच्या दाराबाहेर माणूस उभा राहिला, तर तो तेथे हौसेने गेला असे म्हणता येत नाही. हेतू शोधत बसणे हे तर न संपणारे काम आहे. मनातला हेतू कोण दाखविणार? म्हणूनच १९८२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा सुधारून सांगितले की हेतू सिद्ध झाला नाही तरी परिणाम पाहा. आमच्या मते शहाणपण त्या दुरुस्तीत आहे. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अलाबामाच्या बाबतीत तीच कसोटी पाच विरुद्ध चार मतांनी कायम ठेवली. तेथे लोकसंख्येत चौथ्या हिश्श्याहून अधिक असलेल्या कृष्णवर्णीयांना सात जागांपैकी एकाच जागी आपला प्रतिनिधी निवडता येत होता.

'परिस्थिती बदलली' या युक्तिवादाला न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी २०१३ च्या भिन्नमतपत्रात छत्रीच्या उपमेने उत्तर दिले: पावसात आपण भिजत नाही म्हणून छत्री फेकून द्यावी, तसे हे आहे. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही ज्वारीच्या राखणीची उपमा सांगतो. माळ्यावर गोफण घेऊन राखणदार उभा आहे, म्हणून पाखरे पिकात उतरत नाहीत. पाखरे उतरत नाहीत, तर राखणदार कशाला, असे मालकाने म्हटले की दुसऱ्या दिवशी कणसे रिकामी होतात.

मग आपले काय? आपली स्थिती अनेक अंगांनी बरी आहे. राज्यघटनेच्या ३२५ व्या कलमानुसार धर्म, वंश, जात अथवा लिंग या कारणांनी कोणालाही मतदार यादीतून वगळता येत नाही. ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला. साक्षरतेची अट नाही, कर नाही, आजोबाही नाही. आपल्याकडे सीमारेषा विधिमंडळ आखत नाही, परिसीमन आयोग आखतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी लोकसभेच्या ५ आणि विधानसभेच्या २९ जागा राखीव आहेत. पण मधली पायरी, उमेदवारीची, अजून उघडी आहे. राखीव जागेवर कोण उभा राहणार, हे बहुधा पक्षश्रेष्ठी ठरवितात, आणि त्या बैठकीत आपला माणूस असलाच तर तो ऐकणाऱ्यांत असतो. पुणे करारातील प्राथमिक निवडणूक गेली. तिच्या जागी कोणतीच फेरी आली नाही. आमच्या मते आजच्या आंबेडकरी राजकारणाने पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे. जागा आमच्या, पण नावे कोण ठरवितो?

हे सारे आम्ही त्या तासाला सांगितले असे नाही. थोडे सांगितले आणि उरलेले पुढच्या आठवड्यात. दुसऱ्या तासाच्या अखेरीस तीच मुलगी पुन्हा उभी राहिली. म्हणाली, "सर, आपल्या विद्यार्थी मंडळाला उभं राहायला साठ टक्के लागतात. तो पण तसाच नियम ना?"

वर्गात शांतता पसरली. तो नियम आम्हीच, शिक्षकांनी, फार वर्षांपूर्वी केला होता. मुलांनी अभ्यासाकडे लक्ष द्यावे, हा त्यामागचा हेतू. हेतू खरोखरच चांगला होता. त्या संध्याकाळी आम्ही कार्यालयात बसून मागील दहा वर्षांच्या विद्यार्थी मंडळांची नावे काढली. ऊसतोडीला अथवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांतील मुलगा किंवा मुलगी त्यांत एकही नव्हती. दिवाळीनंतर आईबाप कारखान्याकडे निघाले की धाकट्या भावंडांना सांभाळायला या मुलांना अधूनमधून नेले जाते. दोन-दोन महिने बुडतात, टक्के घसरतात. वसतिगृह ज्यांच्यासाठी काढले, त्यांनाच आमच्या नियमाने दहा वर्षे उमेदवारीपासून दूर ठेवले होते, आणि नियमात ऊसतोडीचा शब्द नव्हता. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून आम्ही हे वाचत होतो. त्या क्षणी आम्हांस जी लाज वाटली ती येथे लिहून ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

नियम रद्द झाला. काही सहकाऱ्यांचा विरोध होता आणि तो प्रामाणिक होता. पुढच्या निवडणुकीत एका ऊसतोड कामगाराचा मुलगा उभा राहिला. तो पडला. पण या वेळी त्याला मतदारांनी पाडले, त्याच्या मित्रांनी आणि विरोधकांनी चिठ्ठ्या टाकून. तो स्वतः मोजणीला उभा होता आणि आपली मते त्याने स्वतः मोजली.

या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून आमची एवढीच अपेक्षा आहे. अठरा वर्षे पूर्ण होताच यादीत नाव आहे का, ते स्वतः पाहा. आईवडिलांचे, शेजाऱ्यांचे, स्थलांतरित कुटुंबांचेही पाहा. मतदारसंघाची हद्द बदलत असेल तर हरकत नोंदविण्याची मुदत चुकवू नका. पक्षात जा, पण उमेदवारी ठरविणाऱ्या बैठकीपर्यंत पोहोचा. आणि कोणताही नियम समोर आला, मग तो सरकारचा असो, पक्षाचा असो वा तुमच्या गुरुजनांचा, की त्यात काय लिहिले आहे एवढेच वाचून थांबू नका. त्याने कोण बाहेर राहते, ते मोजा. तथागतांनी कालामांना जे सांगितले ते हेच, की परंपरेने चालत आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, पारखून घ्या. एका मुलीने आम्हांला पारखले. याहून मोठी गुरुदक्षिणा आम्हांस मिळालेली नाही.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!